शेवटची दोन मिनिटं: कॉलेज फुटबॉलमधला ‘क्लच’ क्वार्टरबॅक शोधायचा कसा?

१ जानेवारी २०२३. पुण्यात सकाळचे साडेदहा वाजत आले होते, दुसरा चहाही झाला होता. अमेरिकेत कोलंबसला, म्हणजे ओहायो स्टेटच्या गावात, शिकणारा माझा भाचा व्हिडिओ कॉलवर होता, पण चकार शब्द बोलत नव्हता. हा पोरगा गप्प बसला की समजायचं, काहीतरी गंभीर आहे. तिकडे अजून ३१ डिसेंबरची रात्र होती. अटलांटाच्या स्टेडियममध्ये कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलमधल्या राष्ट्रीय अजिंक्यपदाची उपांत्य लढत शेवटच्या काही सेकंदांवर आलेली. जॉर्जिया ४२, ओहायो स्टेट ४१. ओहायो स्टेटच्या किकरनं ५० यार्डांवरून चेंडू मारला तेव्हा तिथे बाराचा ठोका पडत होता. चेंडू डावीकडे भरकटला, आणि थोडाथोडका नाही. न्यूयॉर्कात फटाके, कोलंबसमध्ये सुतक.

बऱ्याच वेळानं भाचा म्हणाला, “मामा, काहीही म्हण, पण आजचा खरा क्वार्टरबॅक स्ट्राउडच.”

स्ट्राउड म्हणजे सी. जे. स्ट्राउड, हरलेल्या संघाचा. जिंकलेल्या जॉर्जियाचा स्टेटसन बेनेट. बेनेटनं ५४ सेकंद उरले असताना विजयी टचडाउनचा पास दिला होता. मग ऐनवेळी उभा राहिला तो कोण? पास देऊन जिंकलेला बेनेट, की उरलेल्या ५४ सेकंदांत स्वतः २७ यार्ड पळून किकरला निदान एक संधी मिळवून देणारा स्ट्राउड? अमेरिकेत हा वाद दर हिवाळ्यात नव्या नावांनी होतो. तो नीट घालायचा तर आधी खेळ थोडा समजून घ्यायला हवा.

मैदान १०० यार्डांचं. यार्ड म्हणजे मीटरपेक्षा जरासा कमी. ज्याच्याकडे चेंडू, त्या संघाला चार प्रयत्न मिळतात, त्यांना ‘डाउन’ म्हणतात. चारांत १० यार्ड पुढे सरकलात तर पुन्हा नवे चार, नाहीतर चेंडू समोरच्यांचा. कबड्डीत दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘डू ऑर डाय’ होते ना, तसा इथला चौथा डाउन. चेंडू पलीकडच्या रेषेपार नेला की टचडाउन, ६ गुण. वर एक छोटी किक मारून आणखी १, किंवा पुन्हा एकदा चेंडू रेषेपार घुसवून २. तितकं जमणार नसेल तर लांबून खांबांच्या मधून किक मारायची, ती फील्ड गोल, ३ गुण. क्वार्टरबॅक म्हणजे जवळजवळ प्रत्येक प्रयत्नात ज्याच्या हातात आधी चेंडू येतो तो. अंगावर सव्वाशे-दीडशे किलोची माणसं धावून येत असतात, आणि दोन-तीन सेकंदांत त्याला ठरवायचं असतं: फेकू, देऊ की पळू.

शेवटच्या दोन मिनिटांत या सगळ्याच्या जोडीला घड्याळही प्रतिस्पर्धी होतं. पास खाली पडला की घड्याळ थांबतं, चेंडू घेऊन खेळाडू रेषेबाहेर गेला तरी थांबतं, मैदानात आत पकडला गेला तर चालू राहतं. संघाला अर्ध्या सामन्यात तीनच टाइमआउट. कॉलेजच्या खेळात आणखी एक सवलत होती: दहा यार्ड पूर्ण झाले की घड्याळ क्षणभर थांबायचं. २०२३ पासून ती प्रत्येक अर्धाच्या शेवटच्या दोन मिनिटांपुरतीच उरली. म्हणजे क्वार्टरबॅकला प्रत्येक पासाबरोबर मनात वजाबाकी करावी लागते. बारा यार्डांचा पास मधे गेला तर कधीकधी पाच यार्ड काठानं जाण्यापेक्षा वाईट.

‘क्लच’ म्हटलं की आपल्याला डाव्या पायाखालचं पेडल आठवतं. तिकडे खेळाच्या बोलीत त्याचा अर्थ मोक्याच्या वेळी न ढेपाळणारा. यातला ‘मोका’ कोणी ठरवायचा, इथेच घोळ सुरू होतो.

या वादात कुठेही जा, एक रात्र निघतेच. ४ जानेवारी २००६, पासाडेना, रोझ बोल स्टेडियम. एका बाजूला सदर्न कॅलिफोर्निया म्हणजे यूएससी. सलग ३४ विजय, आणि संघात हाइझमन ट्रॉफीचे दोन मानकरी, मॅट लायनर्ट आणि रेजी बुश. (हाइझमन म्हणजे कॉलेज फुटबॉलमधला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू.) दुसऱ्या बाजूला टेक्सस आणि त्यांचा क्वार्टरबॅक विन्स यंग. साडेसहा मिनिटं उरली होती तेव्हा यूएससी ३८, टेक्सस २६. एक टचडाउन करून टेक्सस ३३ वर आलं. मग यूएससीला चौथ्या डाउनवर फक्त दोन यार्ड हवे होते. मिळाले असते तर सामना तिथेच संपला होता. टेक्ससनं त्यांना अडवलं. पुढे सारा खेळ यंगच्या हातात. २६ सेकंद उरलेले, चौथा डाउन, पाच यार्ड हवेत. त्यानं चेंडू घेतला, पास देण्यासाठी नजर फिरवली, कुणी मोकळं दिसेना, आणि तो उजव्या कोपऱ्याकडे सुटला. कुणी धड हातही लावू शकलं नाही. ४१–३८.

आता या सामन्याचा आकड्यांतला हिशोब बघा, मजा आहे. कॉलेजमध्ये क्वार्टरबॅकला मोजायचं ठरलेलं गणित आहे, त्याला पासर रेटिंग म्हणतात. पासांतून मिळालेले यार्ड गुणिले ८.४, पासाचे टचडाउन गुणिले ३३०, पूर्ण झालेले पास गुणिले १००. यांची बेरीज करायची. समोरच्यांनी झेललेले पास गुणिले २०० करून ते वजा करायचे, आणि उत्तराला फेकलेल्या एकूण पासांनी भागायचं. यंगनं त्या रात्री ४० पास फेकले, ३० पूर्ण, २६७ यार्ड, पासाचा टचडाउन शून्य. उत्तर येतं साधारण १३१. लायनर्टचेही ४० पास, २९ पूर्ण, ३६५ यार्ड, एक टचडाउन, एक पास समोरच्यांच्या हाती. त्याचं उत्तर १५२. म्हणजे रेटिंगच्या लेखी त्या रात्री हरलेला क्वार्टरबॅक सरस. यंग पायांनी २०० यार्ड धावला, तीन टचडाउन केले, त्यातलं एक तर कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वात गाजलेल्या क्षणांपैकी. त्या सूत्रात या सगळ्याला किंमत शून्य, कारण ते फक्त फेकणं मोजतं. आणि पहिल्या मिनिटाला दिलेला पास नि शेवटच्या मिनिटाला दिलेला पास त्याला सारखेच.

यावर उपाय म्हणून आकडेवाले लोक दुसरी वाट धरतात. चेंडू कुठे आहे, कितवा डाउन आहे, गुण किती, वेळ किती, हे सगळं धरून जिंकण्याची शक्यता काढायची. एखाद्या पासाआधी ती शेकडा २० असेल आणि नंतर ६० झाली, तर तो पास ४० मोलाचा. या विचाराची मुळी एका क्वार्टरबॅकच्याच हातची आहे, हे मला फार आवडतं. ब्रिगम यंग विद्यापीठात आणि नंतर व्यावसायिक लीगमध्ये खेळलेल्या व्हर्जिल कार्टरनं रॉबर्ट मॅकॉल यांच्याबरोबर १९७१ मध्ये एक शोधनिबंध लिहिला. मैदानाच्या कुठल्या जागी चेंडू असणं सरासरी किती गुणांचं, हे त्यात १९६९ च्या हंगामातल्या हजारो प्रयत्नांवरून मांडलं होतं. आजची सगळी गणितं त्याच वाटेनं पुढे गेलीत.

पण या पद्धतीचाही एक लोचा आहे. ४० गुण द्यायचे कुणाला? फेकणाऱ्याला, झेलणाऱ्याला, की अंगावर येणाऱ्यांना तीन सेकंद थोपवून धरणाऱ्या त्या पाच आडदांड पोरांना? यंगच्याच शेवटच्या मोहिमेत एकदा तिसऱ्या डाउनवर टेक्ससचा पास हव्या त्या अंतराला पोचलाच नव्हता. पण यूएससीच्या खेळाडूनं पकडताना समोरच्याच्या हेल्मेटची जाळी ओढली, दंड झाला आणि टेक्ससला नवे चार डाउन मिळाले. तो हात दोन इंच खाली पडला असता तर? १ जानेवारी १९७९ ला डॅलसच्या गोठलेल्या मैदानावर नोत्र दाम विद्यापीठाचा क्वार्टरबॅक जो मोंटॅना याचं अंग इतकं गार पडलं की आत नेऊन गरम सूप पाजावं लागलं. ते पिऊन तो परतला, आणि साडेसात मिनिटांत ३४–१२ ची पिछाडी भरून काढत ह्यूस्टनला ३५–३४ हरवलं, शेवटचा टचडाउन पास वेळ संपता संपता. सूपाची गोष्ट सगळे सांगतात. पण त्या पाठलागाचा पहिला टचडाउन मोंटॅनाचा नव्हताच. त्याच्या सहकाऱ्यांनी समोरच्यांची किक अडवली, चेंडू उचलला आणि रेषेपार नेला, तिथून सगळं सुरू झालं.

योगायोग हा या वादातला न बोलावलेला पाहुणा. कॉलेजचा क्वार्टरबॅक हंगामात बारा ते पंधरा सामने खेळतो आणि दोन-तीन हंगामांत निघून जातो. शेवटच्या दोन मिनिटांत चेंडू हातात, आणि जिंकायला एक टचडाउन पुरे, अशी वेळ साऱ्या कारकिर्दीत समजा पाचदा आली. आता असं धरू की कुणाच्यात काही खास नाही, प्रत्येक वेळी नाणं उडवल्यासारखी निम्मी-निम्मी शक्यता. तरी पाचांपैकी चार किंवा पाच वेळा छाप पडण्याची शक्यता ३२ पैकी ६ आहे, शेकडा १९ च्या आसपास. वरच्या श्रेणीत १३० च्या वर संघ आहेत. म्हणजे निव्वळ नाण्याच्या कृपेनं चोवीसेक पोरं ‘क्लच’ ठरतील, आणि त्यातल्या चौघांचा हिशोब तर पाचात पाच. टीव्हीवर त्या चौघांच्या डोळ्यांतलं तेज, थंड डोकं, आजोबांची शिकवण, सगळं येईल.

बेसबॉलमध्ये हे तपासून झालं आहे. रिचर्ड क्रेमर यांनी १९७७ मध्ये १९६९ आणि १९७० हे लागोपाठचे हंगाम ताडून पाहिले. पहिल्या वर्षी मोक्याला चमकलेले फलंदाज दुसऱ्या वर्षीही चमकतात का? तसा धागा काही सापडला नाही. ज्यांचं नेहमीचं खेळणं चांगलं, तेच मोक्यालाही चांगले. वाद तिथे संपला नाही, चाहते असले निष्कर्ष कधी मानतात? पण तेव्हापासून ‘क्लच’ म्हणणाऱ्याला पुरावा विचारला जातो.

दुसरी एक गंमत आहे. जो खरंच भारी असतो त्याच्यावर वेळच येत नाही. २०१९ मध्ये एलएसयूच्या, म्हणजे लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या, जो बरोनं ६० टचडाउन पास दिले, संघ १५–० असा अजिंक्य. कॉलेज फुटबॉलमधला तो सर्वोत्तम हंगाम म्हणणारे कमी नाहीत. पण त्याचे बरेचसे सामने शेवटच्या भागाआधीच निकालात निघाले होते, मग मोका आणायचा कुठून? टेक्ससविरुद्ध आला तेव्हा तिसरा डाउन, १७ यार्ड हवे, आणि बरोनं जस्टिन जेफरसनला दिलेला पास ६१ यार्डांचा टचडाउन ठरला. सामना ४५–३८ नं खिशात. घर सतत पेटत असेल तरच आग विझवणारा शूर दिसतो. ज्याच्या घराला आगच लागत नाही त्याचा सत्कार कोण करणार?

मग काय, सगळा नाण्याचाच खेळ? मला तसं वाटत नाही. निकालाकडे बघायचं सोडून मधल्या तीन सेकंदांकडे बघितलं तर काही गोष्टी स्पष्ट दिसतात.

८ जानेवारी २०१८, अजिंक्यपदाची अंतिम लढत, स्टेडियम तेच, अटलांटाचं. अलाबामा मध्यंतराला जॉर्जियापुढे १३–० अशी मागे होती. प्रशिक्षक निक सेबन यांनी दोन वर्षं संघ सांभाळणारा जेलन हर्ट्स बाहेर बसवला आणि हवाईहून आलेला पहिल्या वर्षाचा तुआ टॅगोवाइलोआ आत पाठवला. सामना जादा वेळेत गेला. कॉलेजमध्ये जादा वेळेत २५ यार्डांवरून सुरुवात मिळते. तुआ पहिल्याच प्रयत्नात हातात चेंडू ठेवून मागे मागे पळत राहिला आणि पकडला गेला, १६ यार्ड गमावले. अनुभवी क्वार्टरबॅक असं करत नाही, चेंडू बाहेर फेकून देतो. आता दुसरा डाउन आणि २६ यार्ड हवे. पुढच्या प्रयत्नात त्यानं आधी मैदानाच्या दुसऱ्या बाजूला नजर ठेवली. मागे पहारा देणारा खेळाडू, त्याला सेफ्टी म्हणतात, क्वार्टरबॅकचे डोळे वाचूनच हलतो. तो त्या नजरेला भुलून क्षणभर थबकला आणि डाव्या काठाकडे यायला त्याला उशीर झाला. तुआनं मान वळवली, काठानं पळणाऱ्या डेव्हॉन्टा स्मिथच्या पुढ्यात चेंडू टाकला. ४१ यार्ड, टचडाउन, २६–२३. चेंडू किती लांब गेला यात मला तितकं नवल नाही. आधीच्या प्रयत्नात शाळकरी चूक करून आलेला एकोणीस वर्षांचा मुलगा पुढच्याच प्रयत्नात डोळ्यांनी खोटं बोलतो, हे नवल. हे नाण्याचं काम नाही.

दडपणाखाली माणूस का कोसळतो, यावर मानसशास्त्रात बरंच काम झालंय. रॉय बाउमायस्टर यांनी १९८४ मध्ये दाखवलं की बक्षीस, प्रेक्षक, चुरस असं काही आलं की माणूस स्वतःच्या हालचालींकडेच लक्ष देऊ लागतो, आणि तिथे बिघडतं. जिना उतरताना एकेक पाऊल कसं पडतंय याचा विचार करा, हमखास अडखळाल. सायन बायलॉक आणि थॉमस कार यांनी २००१ मध्ये गोल्फच्या छोट्या फटक्यांवर हेच तपासलं. लोक आपल्याकडे बघतायत या जाणिवेत ज्यांनी सराव केला होता, ते पुढे दडपणाखाली ढेपाळले नाहीत. म्हणून तर संघ सरावात घड्याळ लावून, कर्ण्यांवरून गोंगाट सोडून शेवटच्या दोन मिनिटांची तालीम पुन्हा पुन्हा करतात. तेव्हा ‘क्लच’ ही जन्मजात देणगी कमी आणि घोटवलेली सवय जास्त, असं माझं मत. अर्थात घोटवूनही काहींचे हात थरथरतातच.

तुआच्या त्या रात्रीत एक तळटीप आहे. ठरलेल्या वेळेच्या अगदी शेवटी अलाबामाच्या किकरला ३६ यार्डांवरून विजयी किक मारायची होती. ती चुकली. ती लागली असती तर जादा वेळ नाही, सेफ्टीला फसवणारी नजर नाही, काहीच नाही.

आणि त्या रात्री बाकावर बसलेल्या हर्ट्सची गोष्ट मला या सगळ्या वादापेक्षा मोठी वाटते. एक वर्ष मागे चला. ९ जानेवारी २०१७, टँपा, अंतिम सामना, अलाबामा विरुद्ध क्लेमसन. हर्ट्स तेव्हा पहिल्या वर्षाला. सव्वादोन मिनिटंही उरलेली नव्हती, अलाबामा मागे, आणि हा पोरगा ३० यार्ड पळून टचडाउन करतो. ३१–२८. सामना तिथे संपला असता तर आज प्रत्येक यादीत त्याचं नाव असतं. पण उरलेल्या वेळात क्लेमसनचा डिशॉन वॉटसन संघाला मैदानभर घेऊन आला आणि एकच सेकंद उरला असताना हंटर रेन्फ्रोला टचडाउन पास दिला. ३५–३१. हर्ट्सची धाव कुणालाच आठवत नाही. वॉटसन मात्र ‘क्लच’ ठरला. ठरावाच, ४२० यार्डांचे पास होते त्याचे. पण हर्ट्सचा गुन्हा काय, तर त्यानं जास्तीची दोन मिनिटं शिल्लक ठेवली.

पुढच्या जानेवारीत तो बाकावर. त्या रात्री सगळ्या जगानं ठरवलं, मोठ्या वेळी याच्याच्यानं होत नाही. दुसरा कुणी असता तर सरळ दुसऱ्या विद्यापीठात गेला असता. हा तुआचा पर्याय म्हणून वर्षभर तिथेच राहिला. १ डिसेंबर २०१८ ला पुन्हा जॉर्जिया समोर, पुन्हा अटलांटाचं तेच स्टेडियम, यावेळी त्यांच्या विभागाचं अजिंक्यपद. शेवटच्या भागात तुआ दुखापत होऊन बाहेर गेला, संघ २८–२१ असा मागे. हर्ट्स आत आला. आधी पास देऊन बरोबरी साधली, मग एक मिनिटभर उरलं असताना १५ यार्ड स्वतः पळून टचडाउन केलं. ३५–२८. तीन रात्री, माणूस एकच. एकदा विसरलेला, एकदा टाकलेला, एकदा डोक्यावर घेतलेला.

म्हणून कुणी नाव विचारलं तर मी आधी ‘किती वेळा जिंकला’ हा प्रश्न बाजूला ठेवतो. चेंडू हातात आला तेव्हा त्यानं काय पाहिलं, घड्याळ कसं वापरलं, आधीच्या चुकीनंतर काय केलं, एवढंच बघतो. या कसोटीवर माझा पहिला नंबर विन्स यंगचा. त्याची ती एकच रात्र नव्हती. त्याच्या वर्षभर आधी, १ जानेवारी २००५ ला, त्याच रोझ बोलमध्ये मिशिगनविरुद्ध तो १९२ यार्ड धावला, चार टचडाउन केले आणि शेवटी संघाला किकच्या टप्प्यात आणून ठेवलं. ती किक गेली, ३८–३७. तिथून अटलांटाच्या त्या मध्यरात्रीपर्यंत फरक केवढा, तर एक किक गेली आणि एक नाही. दुसरा हर्ट्स. तिसरी जागा मी एका माणसाला नाही, एका रात्रीला दिली आहे: स्ट्राउडच्या.

भाच्याला हे सगळं सांगितलं. बेनेटला तिसरा का नाही, हे मात्र त्यानं विचारलं नाही. थोडा वेळ विचार करून म्हणाला, “तिसरा चालेल, मामा. पण स्ट्राउडनं एकदा तरी आमच्या जुन्या वैऱ्याला, मिशिगनला, हरवायला हवं होतं रे.”